मी घरीच असतो

टपाल आलं की काका आधी चहा टाकायचे, मग पाकिटं उघडायचे आणि मग खिशातून लाल पेन काढायचे. बिलं बाजूला, मुलीनं पाठवलेलं भेटकार्ड बाजूला. पेन लागायचं ते फक्त देणग्या मागणाऱ्या पत्रांना. हिवाळा तोंडावर आला की इथे अमेरिकेत कुत्री वाचवणारे, नद्या वाचवणारे, हृदयरोगवाले, अंधशाळावाले, सगळ्यांना एकदम आपली आठवण येते. पाकिटात आपल्या नावाची चिकटवायची लेबलं असतात. आपण लेबलं ठेवून घेतो आणि पत्र रिसायकलिंगमध्ये टाकतो. काकांचं उलटं. ते लेबलं टाकून द्यायचे आणि पत्र ठेवायचे. त्यातली वाक्यं खोडायची, समासात शेरे लिहायचे, खाली दहापैकी मार्क द्यायचे आणि त्याच लोकांनी दिलेल्या परतीच्या पाकिटात घालून ते त्यांना परत पाठवायचं, असा त्यांचा शिरस्ता होता.

"अहो काका, त्यांना राग नाही येत?"

"राग कशाला येईल? फुकट शिकवतोय मी."

कुत्र्यांच्या एका संस्थेला त्यांनी नऊ मार्क दिले होते. एक का कापला, तर कुत्र्याचं नाव शेवटच्या परिच्छेदात सांगितलं म्हणून. "नाव पहिल्या ओळीत पाहिजे. ज्याचं नाव माहीत नाही त्याच्यासाठी कोण कशाला उठेल?" त्या संस्थेनं पुढच्या महिन्यात त्यांना दुप्पट लेबलं पाठवली. काकांनी ती माझ्यासमोर केराच्या डब्यात टाकली आणि म्हणाले, "बघ, शेरा वाचलाच नाही."

शिकागोजवळ नेपरव्हिलमध्ये आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून ते राहायचे. उभी हयात टेलिफोन कंपनीत इंजिनिअर म्हणून काढलेली. काकू जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगी कॅलिफोर्नियात. काकूंच्या एका मैत्रिणीनं महाराष्ट्रात तालुक्याच्या एका गावी कर्णबधिर मुलांची निवासी शाळा काढली, आणि तिला कानाची मशीनं आणि बॅटऱ्या पुरवायच्या म्हणून इथल्या चार मराठी घरांनी मिळून आमची छोटी संस्था काढली. मी तिची सेक्रेटरी, म्हणजे पाकिटं चिकटवणारी. देणगीदारांना दर डिसेंबरात जाणारं पत्र मात्र पहिल्यापासून काकाच लिहायचे. त्यात दुसऱ्या कुणाचा शब्द चालायचा नाही.

मी एकदा लिहिलं होतं हो! सुरुवातीला, हौसेनं. 'प्रिय मित्रहो, आमची संस्था गेली अनेक वर्षं निष्ठेनं कार्य करीत आहे. आपण यथाशक्ती हातभार लावावा ही नम्र विनंती.' मला वाटलं, काय छान जमलंय. काकांनी ते वाचलं आणि पेन काढलं.

"मित्रहो म्हणजे कोण?"

"म्हणजे सगळे."

"सगळे म्हणजे कुणीच नाही. एका माणसाला लिही. त्याच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्यासारखं लिही. आता हे 'आमची संस्था', 'आमचे कार्य', 'आम्ही'. अगं, त्याला तुझ्या संस्थेशी काय करायचंय? त्यानं दिलेल्या बॅटरीचं काय झालं ते सांग. आणि यथाशक्ती? यथाशक्ती म्हणजे मागायची लाज वाटते म्हणून काढलेला शब्द. बॅटऱ्या हव्यात ना? मग बॅटऱ्या माग."

सगळा कागद लाल झाला. मला दोन मार्क मिळाले, तेही अक्षराचे.

मी चिडले होते, खोटं कशाला बोलू. नागपूरच्या कॉलेजात निबंधाला बक्षीस मिळवलेली बाई मी. पण त्या वर्षी काकांचं पत्र वाचलं आणि गप्प बसले. त्यात एकच मूल होतं. एक मुलगा, त्याची बॅटरी गुरुवारी संपते आणि नवी सोमवारी मिळते, तर शुक्रवारी वर्गात तो काय करतो, एवढंच. कुठे दीनवाणं काही नाही, देवाची करुणा नाही. रडवायला काकांची सक्त मनाई. "रडलेला माणूस नाक पुसायला उठतो. तो चेकबुक शोधत नाही."

आणि त्यांच्या पत्राला एक खोड होती. ते गोष्ट पुरी करायचे नाहीत. 'ता. क.' म्हणून खाली ठेवायचे लटकवून. माणूस पत्र उघडल्यावर आधी सही बघतो आणि मग ता. क. वाचतो, बाकीचं नंतर, असं त्यांचं ठाम मत होतं. तर ता. क. मध्ये असं काहीतरी असायचं: 'शुक्रवारी या मुलानं मास्तरांच्या टेबलावर काय ठेवलं, ते मला फोन करून विचारा.' त्याखाली घरचा नंबर, प्रत्येक पत्रावर स्वतःच्या हातानं, निळ्या शाईनं. आणि नंबराखाली एक ओळ: 'मी घरीच असतो.'

काकू होत्या तोवर डिसेंबरभर फोन यायचे. काकू उचलायच्या, चौकशी करायच्या, पाककृतीसुद्धा सांगायच्या, आणि मग तळघराच्या जिन्यातून खाली ओरडायच्या, "अहो, तुमचा फोन!" काका वर येऊन राहिलेली गोष्ट सांगायचे. तास तास चालायचं. काकू गेल्या आणि फोन यायचे थांबले. चेक यायचे, पहिल्यापेक्षा जास्तच यायचे, पण फोन नाही.

"लोक तिच्यासाठीच करत होते," काका एकदा म्हणाले. खिडकीपाशी उभे होते, बाहेर बर्फ पडत होतं. "मला उगाच वाटायचं, आपलं पत्र वाचून करतात."

मी म्हटलं, "काहीतरीच काय!" ते बाहेरच बघत राहिले. मग मीही विषय वाढवला नाही.

मसुदा तयार झाला की काका आमच्याकडे यायचे. न कळवता, मागच्या दारानं. मी पोळ्या लाटत असले तर उत्तम. समोर खुर्ची ओढून बसायचे आणि मोठ्यानं, म्हणजे शेजारच्या गोऱ्या म्हातारीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, पत्र वाचायचे. वाचताना दर ओळीला मान वर. मला ऐकायचं, पण काम थांबवायचं नाही. कुठल्या वाक्याला माझं लाटणं आपोआप थांबतं, ते त्यांना बघायचं असायचं. थांबलं की तिथे बारीक खूण. सबंध पत्रात एकदाही थांबलं नाही तर कागद चुरगाळून खिशात.

"तुला आवडलं का ते विचारतच नाही मी. तू शिकलेली, तू आवडलं म्हणशील. हात खोटं बोलत नाही."

आधी हे काकूंच्या पोळपाटासमोर व्हायचं. काकूंनंतर माझ्या. मला त्या वेळी या भेटींचा वैतागच यायचा असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे मी वाट बघायचे. माझा थोरला सिॲटलला, धाकटी बॉस्टनला. नवऱ्यानं ओहायोतल्या डब्लिनमध्ये नोकरी घेतलेली, तो एक शनिवार-रविवार आड यायचा, आणि आला की झोपायचा. दोन पोळ्यांसाठी कणीक भिजवायची म्हणजे काय असतं ते ज्याचं त्याला माहीत. काका येणार असं वाटलं की मी मुद्दाम जास्त भिजवायचे.

माणूस विचित्र होता पण. बोलताना आपल्या तोंडाकडे टक लावून बघायचे. पहिल्यांदा मला चमत्कारिकच वाटलं होतं. कुठेही बसलं की म्हणायचे, "तिकडे अंधारात नको, उजेडात बस." गाडी चालवताना चकार शब्द बोलायचे नाहीत आणि आपणही बोलायचं नाही. झूमवर मीटिंग ठेवली की हमखास सर्दी. घराची बेल कायम बिघडलेली, "मागच्या दारानं ये, सरळ आत ये." मुलगी मोबाईलवर मेसेज पाठवायची, त्याला उत्तर द्यायचे. बाबांना फोनवर बोलायचा कंटाळा आहे, असं तिनं मला एकदा सांगितलं होतं. आम्ही सगळ्यांनी ते म्हातारपणाचे नखरे म्हणून सोडून दिले. एवढी माणसं, त्यातले दोघे तर डॉक्टर, पण एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही!

मग संस्थेत निखिल आला. इथेच जन्मलेला, शिकागोत मार्केटिंगमध्ये काम करणारा, खजिनदार. पोरगा सरळ होता, मराठी समजायचं, बोलताना घसरायचं. त्या शरदात मीटिंगला त्यानं लॅपटॉप उघडला.

"काका, विथ ऑल रिस्पेक्ट, तुमची लेटर्स बेस्ट आहेत. आय मीन इट. पण तो फोन नंबर आपण काढू या. क्यूआर कोड टाकू."

"नंबर राहील."

"काका, डोनर्सचे ईमेल्स आलेत. फोन केला, नोबडी पिक्स अप. इट लुक्स बॅड."

काकांचा चेहरा लाल झाला. "कोण म्हणतं? मी घरीच असतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या खुर्चीत असतो. एक फोन येत नाही!"

"काका, दे आर नॉट लाइंग."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

सगळे आपापल्या चहात बघायला लागले. शेवटी ठरलं की या डिसेंबरात नंबर राहील, पुढच्या वर्षीपासून नाही. काका उठले, कोट घातला, आणि दारातून म्हणाले, "नंबर गेला तर पत्र लिहायला दुसरा कुणी बघा. नंबराशिवाय ते पत्र नाही, ते बिल आहे." माझ्या कारमध्ये बसल्यावर मात्र रस्ताभर गप्प. घराशी उतरताना एवढंच बोलले, "एकजण जरी फोन करेल ना यंदा, तर मी त्या पोराला तोंड दाखवू शकेन."

त्या वर्षीचं पत्र सुमनचं होतं. सात वर्षांची मुलगी, आयुष्यात पहिल्यांदा कानाला मशीन लागलेलं. ता. क. होतं: 'मशीन लावल्यावर सुमन वर्गात बसलीच नाही. उठून पळत सुटली. ती सगळ्यांत आधी कुठे गेली, ते मला फोन करून विचारा.' हे वाचताना माझं लाटणं थांबलं होतं. काकांनी मला विचारूनही सांगितलं नाही. "तूही फोन कर," म्हणाले.

पत्रं टपालात पडून आठवडा झाला असेल. उशिरानं सापडलेल्या काही पत्त्यांची पाकिटं करायला मी दुपारी काकांकडे गेले. काका खुर्चीत, मांडीवर पाट, त्यावर पत्र ठेवून निळ्या शाईनं नंबर लिहीत होते. मी समोर टेबलाशी पाकिटांना तिकिटं लावत होते. त्यांच्या डाव्या हाताशी तो फोन. जुना, वायरचा, बटणांचा. त्याला नंबर दाखवायची काच नाही, निरोप घ्यायचं मशीन नाही. "मी घरात असताना मशीनशी कशाला बोलायचं कुणी?" हे त्यावरचं स्पष्टीकरण.

फोन वाजला.

मला इतका आनंद झाला! मी काकांकडे बघितलं. काका लिहीत होते. फोन वाजतोय, काका लिहितायत. मला वाटलं, भाव खातायत, दोनचार रिंगा जाऊ देतायत. रिंगा जातच राहिल्या. मी म्हटलं, "काका!" मान खाली होती, वर झाली नाही. "अहो काका, फोन!" मी उठून त्यांच्या खांद्याला हात लावला. ते दचकले, आणि तेवढ्यात फोन थांबला.

"काय गं?"

"फोन वाजत होता."

"कुठला फोन?"

"हा!"

त्यांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चेष्टा करू नकोस."

मी पर्समधून माझा मोबाईल काढला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचाच नंबर लावला. खोलीत फोन वाजायला लागला. बारीक, चिवचिवल्यासारखा आवाज, पण चांगला मोठा, मला कानाला टोचत होता. काका माझ्या मोबाईलकडे बघत होते, मग फोनकडे. मग त्यांनी हात पुढे केला आणि लहान मुलाचा ताप बघतात तसा तळवा फोनवर ठेवला. हाताखाली तो थरथरत असणार. वाजायचा थांबला तरी त्यांनी हात काढला नाही.

मी खाली बसले त्यांच्या समोर, उजेडात.

"म्हणजे लोक करत होते," काका म्हणाले.

"हो काका."

"एवढी वर्षं?"

"हो."

हात अजून फोनवरच होता. मग म्हणाले, "ती हाक मारायची. तिची हाक मला खालपर्यंत ऐकू यायची."

आता तुम्हाला वाटेल, काका दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरकडे गेले. छे! शेकडो पोरांच्या कानाला मशीन लावणारा हा माणूस स्वतःच्या कानाचं नाव काढू देईना. "मला सगळं ऐकू येतं. लोकच हल्ली पुटपुटतात." मी भांडले. गोड बोलले. पुन्हा भांडले. "हट्टीपणाची पण काही हद्द असते!" असं त्यांच्याच स्वयंपाकघरात ओरडले, ते मात्र त्यांना व्यवस्थित ऐकू गेलं, कारण म्हणाले, "ओरडतेस कशाला?" शेवटी डोकं शांत केलं, घरी आले आणि त्यांना पत्र लिहिलं. त्यांच्या नियमानं. एकाच माणसाला, एकच गोष्ट, रडारड नाही, मागणी सरळ.

'काका, तुमच्या खुर्चीच्या डाव्या हाताला एक फोन आहे. तो वाजतो. वाजवणारा माणूस कुठेतरी तुमचं पत्र हातात घेऊन उभा असतो आणि मग ते पत्र खाली ठेवतो. आम्हां सगळ्यांना तुमची काळजी वाटते. मंगळवारी सकाळी माझ्याबरोबर कानाच्या डॉक्टरकडे चला, एवढंच मागते. ता. क. काकू हाक मारायच्या तेव्हा तुम्ही लगेच वर यायचात.'

पत्र त्यांच्या मेलबॉक्समध्ये टाकलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या मेलबॉक्समध्ये परत. लाल पेन. 'आम्हां सगळ्यांना' खोडलेलं, समासात 'सगळे म्हणजे कोण? "मला" लिही.' ता. क. खाली दोन रेघा. तळाशी आठ मार्क आणि शेरा: 'मागणी स्पष्ट. मान्य.'

तोवर डिसेंबर सरला होता.

मशीन आलं त्या दिवशी काका घरभर हिंडले. "हा फ्रिज एवढा बोलतो? आणि हा हीटर, चालू होताना खोकतो की गं!" मग माझ्याकडे वळून, अगदी गंभीरपणे, "तुझा आवाज एवढा कर्कश आहे, मला कल्पना नव्हती." मी म्हटलं, मशीन परत करू या. बऱ्याच दिवसांनी हसले.

आणि मग सुरू झालं वाट बघणं. तो जानेवारी मी विसरणार नाही. बर्फ असं पडत होतं की काका दारापासून मेलबॉक्सपर्यंत एकच पाऊलवाट खोदायचे, बाकी अंगण तसंच. कानाला मशीन लावून, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या खुर्चीत बसायचे. आता सगळं ऐकू येत होतं. घड्याळ, फ्रिज, छपरावरून घसरणारं बर्फ. फोन तेवढा नाही. पत्राचा मोसम संपला होता, जे फोन करणार होते ते करून, कंटाळून, पत्र टाकून मोकळे झाले होते. मी गेले की आधी फोनकडे बघायचे आणि मग त्यांच्याकडे, आणि ते मान हलवायचे.

मी घरून फोन केला असता की, असं मनात आलं. पण ते फसवणं झालं असतं, आणि काकांनी मार्क कापले असते.

एकदा गेले तर काका फोनवर! रंगात येऊन बोलत होते. "हो, हो, निवासी शाळा आहे. मुलं सकाळी सहाला उठतात..." मी आनंदानं जवळ गेले. पलीकडून गाडीची वॉरंटी संपत आल्याचं रेकॉर्ड केलेलं भाषण चालू होतं. काकांना ते कळलं नव्हतं, की कळलं होतं आणि तरी बोलत होते, मला आजही सांगता येणार नाही. मी परत स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला. चहा टाकताना रडले.

फेब्रुवारीतला रविवार होता. मी खिचडी घेऊन गेले होते. आम्ही जेवत होतो आणि फोन वाजला. काकांनी घास खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मला काय बघता? वाजतोय." हात पुसून ते गेले आणि स्पीकर लावला, कारण कानाशी फोन धरला की मशीन शिटी मारायचं.

"अगंबाई, उचलला!" पलीकडून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज.

"कोण बोलतंय?"

"मी मिशिगनमधल्या ट्रॉयहून बोलतेय. तुम्ही मला ओळखत नाही. मी डॉक्टर होते, आता रिटायर. मी दरवर्षी चेक पाठवते आणि दरवर्षी फोन करते. चेक पोचतो, फोन कुणी घेत नाही. म्हटलं यंदा शेवटचं करून बघू."

काकांनी घसा साफ केला. "मी घरीच असतो," ते म्हणाले. "मला ऐकू येत नव्हतं."

जे त्यांनी स्वतःच्या मुलीला सांगितलं नव्हतं ते या अनोळखी बाईंना एका दमात सांगून टाकलं.

"मलाही कमीच येतं," बाई म्हणाल्या. "मोठ्यानं बोला म्हणजे झालं. आता सांगा, ती सुमन आधी कुठे गेली?"

काका खुर्चीत नीट बसले. "शाळेच्या मागे कोंबड्यांचं खुराडं आहे. तिथे गेली. कोंबड्या सारखं तोंड उघडतात-मिटतात ते ती रोज बघायची. तिला वाटायचं, त्यांना भूक लागलीय. त्या बोलतात हे तिला माहीतच नव्हतं. ती तिथे जाऊन खाली बसली आणि घंटा होईपर्यंत उठली नाही."

बाई हसल्या, आणि म्हणाल्या, "बरं, मग? पुढे काय केलं तिनं?"

काकांनी तोंड उघडलं. मी त्यांना ओळखत होते, त्यांना सगळं सांगायचं होतं, ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिकडे ट्रॉयमध्ये कुकरची शिटी झाली. काकांनी मान वाकडी करून ती ऐकली.

"तुमचा कुकर झालाय," ते म्हणाले. "पुढचं पुढच्या रविवारी सांगतो."

"अहो, आत्ता सांगायला काय झालं?"

"मोठी गोष्ट आहे. वरण करपेल."

फोन ठेवला आणि गार झालेली खिचडी सगळी संपवली. वर आणखी मागितली.

त्यानंतर दर रविवारी. तेही गोष्ट कधी संपवत नसत आणि त्याही संपवू देत नसत, पुढचा प्रश्न तयार. शाळेतल्या बाईंना काका दर आठवड्याला मेसेज करून सुमनची बातमी मागवायचे, एक शब्द पदरचा घालायचे नाहीत, पण निम्मी बातमी राखून ठेवायचे. निखिलला मी सगळं सांगितलं तेव्हा तो काकांकडे जाऊन आला. काय बोलला माहीत नाही. पुढच्या पत्राची छपाईची प्रत आली तर क्यूआर कोड कोपऱ्यात बारीक, आणि काकांचा नंबर मधोमध मोठा. तरी काकांनी प्रत्येक पत्रावर तो हातानं पुन्हा लिहिला.

गेल्या शरदात काका गेले. गुरुवारी, झोपेतच. मुलगी आली, दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी घर विकायला काढलं. तिला फोन बंद करायचा होता. मी म्हटलं, नंबर मला दे. निखिलनं दोन दिवसांत तो माझ्या मोबाईलवर आणून दिला. कशासाठी हवाय, असं त्यानं विचारलं नाही.

आणि रविवार आला. नवरा त्या आठवड्यात डब्लिनलाच राहिला होता. मी कणीक भिजवून ठेवली होती, सवयीनं, जास्तच. दुपारी फोन वाजला.

"काका आहेत? दोन रविवार कुणी उचललाच नाही."

मी त्यांना सांगितलं. नीट, सावकाश, मोठ्या आवाजात. पलीकडे कुकर वाजला, आणि कुणी गॅस बंद केला नाही, तो वाजतच राहिला.

"मावशी," मी म्हटलं, "गॅस बंद करून या. मी आहे."

त्या गेल्या आणि परत आल्या. "तुम्ही त्या पोळ्यांवाल्या ना? ज्यांचा हात थांबतो?" आवाज ओला होता. "तुमच्याबद्दल सांगायचे ते. म्हणायचे, ती आहे म्हणून पत्र लिहिता येतं."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मेल्यावर दिलेले मार्क! मी नाक पुसलं.

"एक विचारू?" मावशी म्हणाल्या. "शेवटच्या रविवारी त्यांनी अर्धंच ठेवलं. शाळेची घंटा यंदा कोण देणार यावरून मुलांचं भांडण झालं. सुमनला दिली का हो घंटा?"

शाळेतल्या बाईंनी त्याच सकाळी मला व्हिडिओ पाठवला होता. तो मी कितीदा तरी पाहिला होता. उत्तर माझ्या ओठांवर होतं. ओट्यावर एवढी मोठी कणीक, बाहेर करडं आभाळ, आणि समोर अख्खी दुपार पडलेली.

"मोठी गोष्ट आहे, मावशी," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी सांगते."

त्या हलकेच हसल्या, ओळख पटल्यासारख्या.

"बरं. किती वाजता करू?"

"केव्हाही करा," मी म्हटलं. "मी घरीच असते."